पहिलं रेकॉर्डिंग आत्ताच करावं की वर्षभर थांबावं?

फोंड्याचा_ड्रमर:
नमस्कार मंडळी. आम्ही चौघे फोंडा तालुक्यातले. दीड वर्ष झालं, हेवी मेटल वाजवतोय. स्वतःची सहा गाणी आहेत, चार मराठी, दोन इंग्रजी. मित्राच्या मामाचा काजूचा कारखाना बंद पडलाय, त्याच्या एका खोलीत दुपारी चार ते सात प्रॅक्टिस. सातनंतर शेजारची मुलं अभ्यासाला बसतात, म्हणून बंद करतो.

घुमट (मातीच्या मडक्याचं तालवाद्य) आरतीच्या स्पर्धेचं बक्षीस आणि पगारातून बाजूला काढलेले मिळून 32,000 रुपये जमलेत. यात तीन गाणी रेकॉर्ड करावीत, की चांगलं डबल पेडल (दोन्ही पायांनी मोठा ड्रम वाजवायला) आणि ॲम्प (गिटारचा आवाज वाढवणारा) घ्यावा? आमचा गिटारिस्ट म्हणतो, वर्षभर थांबूया, हात बसू दे. मला वाटतं आत्ता जे वाजतंय ते कुठेतरी राहायला हवं. यातून गेलेल्यांनी सांगा.

म्हापशेकर_बासिस्ट:
आत्ताच कर. आणि स्टुडिओतून बाहेर पडताना सगळे ट्रॅक, म्हणजे प्रत्येक वाद्याचं वेगळं रेकॉर्डिंग, हातात घेऊनच पड. हे दुसरं का म्हणतोय ते सांगतो.

2003 ते 2007 आमचा बँड होता. टायरच्या दुकानामागच्या खोलीत वाजवायचो. शुक्रवार सोडून, कारण बाजाराच्या दिवशी म्हापशात ॲम्प घेऊन शिरणंच अशक्य. पावसाळ्यात बासच्या तारा आठवड्याभरात काळ्या पडायच्या आणि आवाज मेल्यासारखा यायचा. नवा संच परवडत नव्हता, मग तारा काढून आईच्या जुन्या टोपात उकळायचो, पुसून वाळवून परत चढवायचो. चार दिवस पुन्हा खणखणीत वाजायच्या.

2004 च्या डिसेंबरात दोन दिवसांत तीन गाणी रेकॉर्ड केली. मिक्स, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र जुळवणं, होईपर्यंत पैसे संपले. एक सीडी घेऊन निघालो. वेगवेगळे ट्रॅक "राहू देत इथंच, पैसे जमले की नेऊ" म्हणालो. जूनमध्ये गेलो तर कॉम्प्युटरवर जागा करायला सगळं पुसून टाकलेलं. आम्ही कोणीच काही बोललो नाही, आमच्याकडून 2,000 रुपये बाकी होते.

ती सीडी अजून माझ्याकडे आहे. वरच्या बाजूला मी बॉलपेनने बँडचं नाव लिहिलं होतं, दाबून, मोठ्या अक्षरांत. तेव्हा ठाऊक नव्हतं की सीडीचा चमकणारा थर वरच्याच बाजूला असतो. आता ट्यूबलाइटसमोर धरली की अक्षरांच्या रेघांमधून उजेड आरपार दिसतो. दुसरं गाणं दोन मिनिटं चालतं आणि ड्रमच्या एका फिलवर (दोन ओळींमधल्या छोट्या तुकड्यावर) अडकतं. तो फिल वाजवणारा 2007 मध्ये बोटीवर नोकरीला गेला आणि बँड थांबला. सुट्टीवर आला की तो अजूनही ती सीडी लावायला सांगतो.

आयर्न मेडन या इंग्लंडच्या हेवी मेटल बँडचंही असंच झालं होतं, हे मला फार उशिरा कळलं. 1978 सरता सरता केंब्रिजच्या एका स्टुडिओत त्यांनी चार गाणी रेकॉर्ड केली. मास्टर टेप, म्हणजे मूळ रेकॉर्डिंगची टेप, विकत घ्यायला पैसे नव्हते. दोनेक आठवड्यांनी परत गेले तर टेप पुसलेली. मग हातात होतं त्याच मिक्समधून तीन गाण्यांची तबकडी 1979 मध्ये स्वतःच काढली. 5,000 प्रती, त्याही टपालाने विकल्या. त्याच डिसेंबरात ईएमआय या रेकॉर्ड कंपनीशी करार झाला. त्यातली दोन गाणी 1980 च्या पहिल्या अल्बममध्ये पुन्हा आहेत. गिटारिस्टला दोन्ही रूपं लागोपाठ ऐकव. अल्बमातलं वाजवणं जास्त सफाईदार, पण मी अजून तबकडीच आधी लावतो.

वर्षभराने चौघं एकाच गावात असाल का, तेवढं त्याला विचार.

साखळीची_साउंडवाली:
मी नाटकांचं आणि भजनांचं साउंड बघते, रेकॉर्डिंगही करते. 32,000 मध्ये तीन गाणी होतील, पण पैसे ड्रमवर खर्च कर. स्टुडिओ फक्त ड्रमसाठी, एक दिवस. ड्रमची नवी हेड (वरचे पडदे) दोन दिवस आधी चढव, ताण बसायला वेळ लागतो. गिटार आणि बास घरी इंटरफेसवर (वाद्य कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डबीवर) घ्या. ॲम्पचा आवाज आवडला तरी सोबत गिटारचा कोरा, ॲम्पमधून न गेलेला सिग्नलही वेगळा ठेवा, पुढे दुसऱ्या ॲम्पमधून काढता येतो. फायली 24 बिट वेव्ह, प्रत्येक ट्रॅक शून्यापासून सुरू झालेला, म्हणजे कुठेही उघडला तरी जुळतो. दोन प्रती, दोन वेगवेगळ्या घरांत.

आणि पावसाळ्यात कारखान्यात माइक लावू नकोस. पत्र्यावरचा पाऊस कुठल्याच मिक्समधून काढता येत नाही.

पेडण्याचा_पोरगा:
प्रॅक्टिसच्या वेळेबद्दल: तुम्ही सातला थांबता हे उत्तम. गिग (कार्यक्रम) ठरवताना मात्र लक्षात ठेवा, उघड्यावर रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद. आमचा नंबर शेवटचा होता, आधीचे लांबले आणि आम्हाला दोन गाण्यांवर उतरावं लागलं. तेव्हापासून आम्ही पहिला नंबर मागून घेतो.

फोंड्याचा_ड्रमर:
दादा, ताई, मनापासून आभार. गिटारिस्टला काल दोन्ही रेकॉर्डिंग ऐकवली. तो बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, पाऊस गेला की करू. पेडल राहिलं. आज हार्ड डिस्क घेतली, पणजीहून. एका मराठी गाण्याची सुरुवात घुमटावर करतोय. बकऱ्याचं कातडं दमट हवेत सैल पडतं, तासभर उन्हात ठेवल्याशिवाय बोलत नाही, म्हणून ते नोव्हेंबरातच घेऊ.

दादा, त्या सीडीतली अडकण्याआधीची दोन मिनिटं इथे टाकाल का? तो फिल ऐकायचाय.

म्हापशेकर_बासिस्ट:
टाकतो. आमचा ड्रमर सध्या बोटीवर आहे, आधी त्याला विचारतो.