लेझर प्रोजेक्टरवरचा डीबी२५ आता पुरे झाला (माझं मत, वाद घाला)

गॅल्व्हो_कोथरूड: मैदानातल्या शोसाठी डीबी२५ (प्रोजेक्टरच्या मागचा २५ पिनांचा सिग्नलचा सॉकेट) हा कनेक्टरच नाही. ट्रसवर (लाइट टांगायच्या सांगाड्यावर) चढलेला पोरगा ते दोन बारीक स्क्रू कधीच आवळत नाही, नुसता खुपसतो न उतरतो, मग कुणाचा केबलला पाय लागला की एक्स नाहीतर वायची (बीम आडवा-उभा हलवणाऱ्या सिग्नलची) एक बाजू सुटते आणि चित्र चेपतं. इल्डाच्या (लेझर शोच्या सिग्नलचं ठरलेलं स्टँडर्ड) वायरी मोजा की. एक्स, वाय, लाल, हिरवा, निळा, इंटेन्सिटी, सहा जोड्या म्हणजे १२, इंटरलॉकच्या (बीम बंद करणाऱ्या सुरक्षेच्या लूपच्या) २, शटर १, ग्राउंड १. झाल्या १६. १७ पिनांच्या गोल एम१२ मध्ये सगळं बसतं, आटे आवळले की आयपी६७, पाऊसधुळीची चिंता नाही, छोट्या प्रोजेक्टरच्या मागे जागाही वाचते.

बुधवारपेठी_सोल्डर: हिशोब बरोबर आहे हो, पण ऐन शोच्या रात्री जोड तुटला तर तुमचा १७ पिनांचा एम१२ डागणार (सोल्डर करणार) कोण? डीबी२५ चा प्लग बुधवार पेठेत मिळतो, लॅमिंग्टन रोडला मिळतो, आणि त्याच्या पिना डोळ्यांना दिसतात तरी. शिवाय भाड्याचा प्रोजेक्टर न दुसऱ्याचा कंट्रोलर असला तरी इल्डाची पिनरचना तीच. तुमचा एम१२ एका रचनेचा, माझा दुसऱ्या, मग मधे अ‍ॅडाप्टर, म्हणजे परत लटकता डीबी२५ आलाच! स्क्रू न आवळणं हा पोराचा आळस, त्याची शिक्षा कनेक्टरला का?

नाशिकची_नेटवर्कवाली: मुळात अ‍ॅनालॉग सिग्नल एवढा लांब न्यायचाच कशाला? डॅक (डिजिटलचा अ‍ॅनालॉग करणारा बोर्ड) प्रोजेक्टरच्या आत बसवा, बाहेर फक्त इथरकॉन (मजबूत कवचातला नेटवर्कचा कनेक्टर), तांब्याच्या केबलवर १०० मीटर आरामात. उघडा आरजे४५ (साधा नेटवर्कचा प्लग) मात्र नको, त्याची क्लिप गाडीच्या पहिल्याच खेपेला तुटते. पॉवरला ट्रूवन (चालू लोडवरही काढता येणारा पॉवरकॉन) घ्या, जुना निळा पॉवरकॉन चालू लोडवर काढायचा नसतो आणि आपल्याकडे सगळे नेमका तसाच उपटतात.

सेफ्टी_आधी: @नाशिकची_नेटवर्कवाली, सिग्नल न्या हो नेटवर्कवरून, पण इमर्जन्सी स्टॉपचं काय? इल्डात पिन ४ आणि १७ हा इंटरलॉकचा लूप, तो तुटला की बीम बंद. तो स्वतंत्र तांब्याच्या वायरीवरच हवा, नेटवर्कचा स्विच हँग झाला म्हणून स्टॉप चालला नाही हे चालणार नाही. आणि कृपा करून ३ पिनी एक्सएलआरवर (माईकचा असतो तोच कनेक्टर) नको. काही प्रोजेक्टरवर तोच असतो, न त्याच स्टेजवर माईकच्या केबली पडलेल्या, कुणीतरी ४८ व्होल्ट फँटम (मिक्सरकडून माईकला जाणारी पॉवर) घुसवणारच. शॉर्ट प्लग ठोकून (लूप कायमचा जोडून, म्हणजे स्टॉपच निकामी करून) मोकळे होणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. २०२४ च्या गणेशोत्सवात पुणे पोलिसांनी लेझर बीमवर बंदी घातली तेव्हा सगळे कुरकुरले, पण स्टॉपची वायर नीट ठेवणारे कितीजण होते?

गॅल्व्हो_कोथरूड: इंटरलॉकला ४ पिनी एम१२ द्या मग, वेगळा, डागायलाही सोपा. @बुधवारपेठी, १७ पिनी जागेवर डागायचाच नाही, तयार मोल्डेड केबल, एक स्पेअर पेटीत.

बुधवारपेठी_सोल्डर: आणि स्पेअर पण मेली की? इंटरलॉक वेगळा काढायला माझी ना नाही, पण जोपर्यंत भाड्याने येणाऱ्या प्रोजेक्टरच्या मागे डीबी२५ च दिसतोय तोपर्यंत माझ्या पेटीत तोच राहणार, आणि स्क्रू मी स्वतः वर चढून आवळीन.