लातूरला राहून ३८७ हॉर्सपॉवर कशाला?

औसा रोडवाला (धागाकर्ता)
लातूरला आमची आडत आहे. वय ४७. गाडी मी स्वतः चालवतो, ड्रायव्हर कधी ठेवला नाही. पुण्यात २०२१ ची बीएमडब्ल्यू एम ३४० आय बघून आलो. एकच मालक, ३१ हजार किलोमीटर, ४८ लाख सांगायलाय. तीन लिटरचं पेट्रोल इंजिन, एका ओळीत सहा सिलिंडर, ३८७ हॉर्सपॉवर, ५०० न्यूटन मीटर टॉर्क, चारही चाकांना ताकद. कंपनीच्या आकड्यानुसार शून्य ते शंभर ४.४ सेकंदांत. मालकानं शेजारी बसून वीस मिनिटं चालवू दिली. पाय नुसता टेकवला आणि गाडी अशी निघाली की बोलता बोलता मी गप्प झालो. सहा सिलिंडर एका ओळीत असले की त्यांचे हादरे एकमेकांना कापतात, असं वाचलं होतं. त्या दिवशी ते स्टिअरिंगवरच्या बोटांना कळलं.

घरात विरोध आहे. माझं म्हणणं एवढंच, की याच पैशात लोक भलीमोठी एसयूव्ही घेतात तेव्हा कुणी काही विचारत नाही. मला उंची नको, चालवायचा आनंद पाहिजे. अशी गाडी सांभाळलेल्यांनी मोकळेपणानं सांगा.

तेरणाकाठ
दादा, घेऊ नका. मी अशीच एक जर्मन सेडान धाराशिवला पाच वर्षं सांभाळली. इंजिनानं एकदाही त्रास दिला नाही. त्रास झाला तो रस्त्याचा. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि तिच्यावरचं डांबर बघता बघता लाटांसारखं होतं. उंच गाडीला त्याचं काही वाटत नाही. खालच्या गाडीचं पोट घासतं.

२०२३ चा ऑगस्ट, रात्रीचे साडेनऊ. येडशीच्या अलीकडं पाण्यानं भरलेला खड्डा दिसला नाही. पुढचं डावं टायर बाजूनं वीतभर फाटलं, अलॉयच्या चाकाला तडा गेला. गाडीत स्टेपनी नाही, रनफ्लॅट टायर. हवा गेली तरी ताशी ८० च्या आत ८० किलोमीटर जाता येतं म्हणतात, पण बाजूच फाटल्यावर कुठलं जाणं? बायको-पोरं एका ओळखीच्या मुकादमाच्या जीपमधून रात्री एकला घरी पोचली. मी गाडीपाशी थांबलो. सकाळी ती टोइंगवर चढवून संभाजीनगरला नेली. त्या मापाचं टायर यायला सहा दिवस लागले.

तुम्ही बघितलेल्या गाडीचं मागचं टायर बहुतेक २५५/४० असेल. २५५ मिलिमीटर रुंदीच्या चाळीस टक्के म्हणजे टायरची बाजूची भिंत जेमतेम दहा सेंटिमीटरची. आपल्याकडचे खड्डे त्याहून खोल आहेत.

गोदाकाठची
माझं मत उलट आहे. परभणीहून गंगाखेड, परळीमार्गे अंबाजोगाईला माझं सारखं जाणं असतं. गळीत हंगामात या रस्त्यावर उसाच्या डबल ट्रॉल्या ताशी वीस-पंचवीसनं चालतात, मागं दहा-बारा वाहनांची रांग. आधी माझ्याकडं छोटी गाडी होती. ओव्हरटेकला बाहेर निघायचं, गिअर पाडायचा, इंजिन ओरडायचं पण गाडी काही पुढं सरकायची नाही. अर्धी ट्रॉली मागं पडली की समोर टेम्पो दिसायचा. तेव्हा पोटात जो गोळा यायचा तो अजून आठवतो. आता संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याला बनलेली स्कोडा सुपर्ब आहे, १९० हॉर्सपॉवरची. तीच ट्रॉली आधीच्या निम्म्या वेळात मागं पडते. उलट्या बाजूला जितका कमी वेळ, तितका जीव सुरक्षित. ताकदीला माज समजू नका. दादा, परवडत असेल तर घ्या.

शिरूर ताजबंदचा
ताई, तुमचं बरोबर आहे, पण तुमच्याच बोलण्यात उत्तर आहे. काम १९० मध्ये झालं. वरच्या १९७ चं काय करायचं? समृद्धी महामार्गावरसुद्धा मोटारीला १२० ची मर्यादा आहे आणि ती गाठायला एवढे घोडे लागत नाहीत.

आणि ट्रॉलीचं दुसरं टोक सांगतो. रात्री तिच्या मागं दिवा नसतो, रिफ्लेक्टर चिखलानं माखलेला असतो. तिथं उपयोगी पडतात ते ब्रेक, हेडलाइट आणि कमी वेग. वेग १०० चा १२० झाला तर धडकेतली ऊर्जा ४४ टक्क्यांनी वाढते. इतक्या शांत गाडीत १०० आणि १२० मधला फरक कानाला कळतच नाही, माझी भीती ती आहे.

हिशेबवाला
आकड्यांचं थोडक्यात. नवी पेट्रोल गाडी वीस लाखांच्या वर असेल तर महाराष्ट्रात स्वतःच्या नावावर १३ टक्के रोड टॅक्स, फर्मच्या नावावर २० टक्के. जुनी राज्यातच फिरवताय म्हणजे तो वाचला. विम्याच्या तक्त्यात आयडीव्ही, म्हणजे गाडी पूर्ण गेली तर विमा कंपनी धरते ती किंमत, पाचव्या वर्षी निम्म्यावर येते, त्यामुळे ४८ लाख देताना आयडीव्ही किती धरतायत ते आधी विचारा. साध्या पॉलिसीत नुसतं टायर फाटलं तर भरपाई नाही. गाडीलाही मार लागला असेल तर टायरचे निम्मे मिळतात. टायरचं ॲड-ऑन, म्हणजे पॉलिसीला जोडायचं जादा संरक्षण, वेगळं घ्या.

रेणापूरकर
कुणी बोललं नाही म्हणून मी बोलतो. २०२५-२६ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता आणि माझं त्याच्या खाली गेलं. विक्रीच्या हिशेबाची पट्टी घेऊन आडतीतून बाहेर पडल्यावर दारात ही गाडी दिसली तर मला काय वाटेल, याचा विचार करा मालक. तुमची कमाई कष्टाची असेल, मी नाही म्हणत नाही. पण आपला व्यवहार विश्वासावर चालतो.

औसा रोडवाला
रेणापूरकर, तुमचं वाचून रात्री झोप लागली नाही. वडील होते तोवर आडतीवर सायकलीनं जायचे, मी आजही मोटारसायकलीनं जातो. तरी गावात काही लपत नाही, हे मला मान्य आहे.

पण छंदाला जागाच नाही, हे मला पटत नाही. २०१० च्या ऑक्टोबरात तेव्हाच्या औरंगाबादेत लोकांनी मिळून एकदम १५० मर्सिडीज घेतल्या, ६५ कोटींच्या. तेव्हाही लोकांनी कशाला म्हणून विचारलंच होतं.

तेरणाकाठ
दादा, ते दीडशे जण एका शहरात होते. दीडशे गाड्या आल्या की मागून सर्व्हिस येते, टायरवाला येतो, जाणकार मिस्त्री तयार होतो. लातुरात तुम्ही एकटे असाल आणि सर्व्हिस सेंटर अडीचशे किलोमीटरच्या पुढं. तेल बदलायचं म्हटलं तरी दिवस मोडणार. मला गाडीच्या किमतीपेक्षा या अंतराचंच ओझं झालं. शेवटी विकली तेव्हा वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

गोदाकाठची
अंतराचं खरं आहे. पण वर्षातून दोनदा संभाजीनगरला जाणं होतंच ना? आडतीच्या कामालाच जोडून घ्यायचं. राहिली उंची, तर लातूर–पुणे रस्ता सोडून दादा ही गाडी खेड्यात नेणार आहेत का? घरात दुसरी गाडी असेल तर निम्मे प्रश्न सुटतात.

औसा रोडवाला
दुसरी आहे ताई, जुनी उंच गाडी, शेताकडं तीच जाते. रविवारी पुन्हा पुण्याला चाललोय, सोबत बायको. ती मागच्या सीटवर बसून बघणार आहे. तिनं नाही म्हटलं तर विषय संपला.

तेरणाकाठ
जाताच आहात तर टायरच्या बाजूला कोरलेले चार आकडे वाचा. पहिले दोन आठवडा, शेवटचे दोन वर्ष. चारही टायरवर शेवटी २१ दिसलं तर नव्या सेटचे पैसे तिथंच कमी करायला लावा. आणि गाडी जॅकवर घेऊन पोटाखालचं कव्हर बघितल्याशिवाय बयाणा देऊ नका.