मदत हवी आहे: ड्युटी आणि रोजच्या खिशात, दोन्हीला चालेल असा टॉर्च

नाइट सिक्युरिटीचं काम आहे, आवारात राउंड आणि अधूनमधून बंद गोडाऊन चेक करणं. एकच टॉर्च हवाय जो ड्युटीनंतर पण खिशात राहील.

सध्याचा टॉर्च साइड बटणाचा, मोड बदलत बदलत जावं लागतं आणि नको तेव्हा स्ट्रोब (भराभर लुकलुकणारा उजेड) लागतो, वैताग नुसता. शिवाय खिशात आपोआप चालू होऊन तापतो. टर्बोवर (सगळ्यात जास्त उजेडाचा मोड) काही मिनिटांतच उजेड उतरतो, ते गरम झाल्यामुळे असतं माहितीये, म्हणून बॉक्सवरच्या मोठमोठ्या ल्युमेनच्या (एकूण उजेडाच्या) आकड्यांवर माझा विश्वास नाही, लांबवर बघायला कँडेला (झोताची तीव्रता) जास्त महत्त्वाचं असं वाचून कळलं (१०,००० कँडेला म्हणजे कागदावर २०० मीटर, प्रत्यक्षात कमीच धरायचं).

मला टेल स्विच (मागच्या टोकाला बटण) हवा, अर्धा दाबला की लगेच फुल उजेड, आणि ग्लोव्ह्ज घालून पण सापडला पाहिजे. आयपीएक्स-८ (पाण्यात बुडाला तरी चालेल असा) असेल तर बरं. डोक्याला लावायचा किंवा मोबाइलचा टॉर्च सुचवू नका प्लीज, चार्जिंग घरी रोज होऊ शकतं.

अडलंय ते रिचार्जेबल सेलच्या साइजवर. १८६५० चा खिशाला हलका, २१७०० चा जास्त वेळ चालतो पण जाड. काही मॉडेलमध्ये १८६५० च्या जागी दोन सीआर१२३ए (छोटे, चार्ज न होणारे लिथियम सेल) पण चालतात म्हणे, इमर्जन्सीला स्पेअर म्हणून. रात्रभर मीडियमवर आणि मधेमधे फुलवर वापरणाऱ्यांनी सांगा, १८६५० पुरतो का, की जाडी सहन करून २१७०० च घ्यावा?