तेल भरलेला पाचू बुधासाठी चालतो का?

मरकत_मणी:
ज्योतिषी सांगतात 'निर्दोष पाचू घाला' आणि दुकानात मिळतो तेल पाजलेला. माझ्या मते असा खडा बुधासाठी घालूच नये. पाचू म्हणजे बेरिल नावाचं खनिज. क्रोमियम किंवा व्हॅनेडियममुळे हिरवा झालेला. त्यात चिरा असायच्याच. चिरेत हवा असली की ती पांढरी चमकते. पाचूचा अपवर्तनांक (प्रकाश किती वाकवतो त्याचं माप) १.५८ च्या आसपास, सिडारच्या तेलाचा साधारण १.५१, म्हणजे जवळजवळ सारखाच, म्हणून तेल भरलं की चीर दिसेनाशी होते. दोष जातो कुठे? नुसता झाकला जातो.

भिंगवाला:
असहमत. हा निकष लावला तर कोलंबिया काय नि झांबिया काय, बाजारातले बहुतेक पाचू बाद होतील. बिनतेलाचा, चांगल्या रंगाचा खडा कितीतरी पट महाग. बुध काय फक्त पैसेवाल्यांचा आहे? खोट तेलात नाही, ते लपवण्यात आहे. लॅबच्या रिपोर्टवर तेलाचं प्रमाण 'मायनर' (किरकोळ) असेल तर खुशाल घ्या. 'सिग्निफिकंट' (भरपूर), रेझिन (प्लॅस्टिकसारखा भराव) आणि रंगीत तेल मात्र टाळा. दहापट भिंगाखाली खडा हळूहळू कलता करा: चिरेत निळी-नारिंगी झळक मारली तर रेझिनचा संशय घ्या, हिरवा रंग चिरांतच साचलेला दिसला तर तेल रंगवलेलं.

मरकत_मणी:
आणि पुढे? खडा बोटाला टेकावा म्हणून कोंदण खालून उघडं. करंगळीत ती अंगठी घालून रोज भांडी, कपडे. गरम पाणी आणि साबण मागून शिरतात, तेल उतरतं, चिरेत नेच्याच्या पानासारखी पांढरी नक्षी उमटते. मग घरचे म्हणणार, "बघ, खड्याने पीडा ओढून घेतली!" पीडा कसली, तेल वाळलंय.

भिंगवाला:
हे मान्य (आणि 'पीडा' झकास). पण त्यावर इलाज आहे. खडा कोंदणातून काढायचा, जुनं तेल धुऊन काढायचं, निर्वातात चिरांतली हवा खेचून कोमट तेल पुन्हा मुरवायचं. खडा साफ करायला अल्ट्रासॉनिक मशीन, वाफ, ॲसिटोन बंद. अंगठी लहान-मोठी करताना खडा आधी काढायला लावा. ज्योत लागली तर चीर आरपार जाते.

शंकासुर:
मूळ मुद्दा राहिलाच. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत पोपटाचा पंख, बांबूचं पान, केळ, शिरीषाचं फूल अशा रंगाचा पाचू देवकार्यात आणि पितृकार्यात शुभ म्हटलाय. त्या श्लोकात ना बुध, ना करंगळी, ना ज्योतिषी सांगतात ते सव्वापाच रत्ती वजन. आणि रत्ती तरी कुठली? ०.९१ कॅरटची पक्की धरली तर पावणेपाच कॅरट होतात, ०.६ ची कच्ची धरली तर सव्वातीनसुद्धा नाही. बुधाला कुठली कळते? बिल कॅरटमध्येच मागा.

मरकत_मणी:
एका श्लोकात नाही म्हणून परंपराच नाही? जातकपारिजात या ज्योतिषग्रंथात बुधाला पाचूच दिलाय. रत्तीचं मात्र पटलं.

भिंगवाला:
ज्यांना तेल नकोच त्यांनी उपरत्न (पर्यायी खडा) म्हणून पेरिडॉट हा दुसरा हिरवा खडा घ्यावा. 'हिरवा ओनिक्स' नको. तो बहुधा रंगवलेला कॅल्सेडनी (क्वार्ट्झचाच एक प्रकार) असतो.

मरकत_मणी:
मोहस मापावर पेरिडॉटची कठिणता साडेसहा-सात, पाचूची साडेसात-आठ. धुळीतल्या सात कठिणतेच्या क्वार्ट्‌झनेच ओरखडे पडतील.

भिंगवाला:
मग लॉकेटमध्ये घाला.

शंकासुर:
करंगळीचं काय मग?