अमेरिकन कंपन्या मिनीव्हॅनची लढाई कुठे हरल्या? माझं मत: गाडीच्या फ्लोअरवर

कार्बुरेटर (धागालेखक)

मिनीव्हॅन (सरकत्या दरवाजाची, तीन रांगांची कौटुंबिक गाडी) ही अमेरिकेच्या घरचीच वस्तू. १९८३ च्या शेवटी क्रायस्लरने कॅनडातल्या विंडसरच्या कारखान्यातून डॉज कॅराव्हॅन आणि प्लिमथ व्हॉयेजर बाहेर काढल्या, १९८४ चं मॉडेल म्हणून. आज फोर्ड आणि जीएम (जनरल मोटर्स) तिथल्या कुटुंबांसाठी एकही मिनीव्हॅन बनवत नाहीत. 'लोक एसयूव्हीकडे वळले' हे ठरलेलं उत्तर मला अर्धवट वाटतं, कारण लोक वळत असतानाही होंडा, टोयोटा आणि किआ या गाड्या विकतच राहिले.

माझ्या मते सगळा खेळ फ्लोअरचा आहे. क्रायस्लरच्या मिनीव्हॅनमागचे दोघे, हॅल स्पर्लिक आणि ली आयाकोका, आधी फोर्डमध्ये होते. अशा गाडीची कल्पना तिथेच पुढे आली होती, पण हेन्री फोर्ड दुसरे यांनी ती उचलली नाही. क्रायस्लरमध्ये के-कार या त्यांच्या साध्या कौटुंबिक कारचे सुटे भाग हाताशी होते: आडवं बसवलेलं इंजिन, ओढ पुढच्या चाकांना. मागच्या चाकांना ताकद पोचवणारा प्रोपेलर शाफ्टच नाही, त्यामुळे फ्लोअर सपाट आणि सेडानइतका खाली. इनोव्हा क्रिस्टाच्या मधल्या रांगेत बसताना पाय जितका उचलावा लागतो, तितका इथे लागत नाही. शिवाय गाडी गॅरेजच्या सात फुटी दारातून सहज आत जाते.

यावर इतरांनी काय काढलं? जीएमने १९८५ ला शेव्हर्ले अ‍ॅस्ट्रो, फोर्डने १९८६ ला एरोस्टार. दोन्ही मागच्या चाकांवर चालणाऱ्या, इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेने. अ‍ॅस्ट्रोत तर इंजिनाचा फुगवटा पुढे बसलेल्या दोघांच्या पायांशी येतो. ५,००० पौंडांच्या वर वजन ओढायला उत्तम, पण शाळेतून मुलं आणायला ट्रक कोणाला हवा होता?

पुढे १९९० ला जीएमने ल्युमिना एपीव्ही आणि तिच्या दोन बहिणी आणल्या. स्टीलच्या सांगाड्यावर प्लॅस्टिकचे पत्रे, आणि नाक इतकं उतरतं की लोकांनी हातात धरायच्या व्हॅक्यूम क्लीनरचं नाव दिलं. डॅशबोर्ड टेबलाएवढा. काच इतकी लांब की बॉनेट कुठे संपतं ते ड्रायव्हरला कळत नसे.

सगळ्यात महागात पडलेली चूक फोर्डची. १९९५ ची विंडस्टार पुढच्या चाकांवर आणली, म्हणजे धडा शिकले. पण सरकता दरवाजा एकाच बाजूला. १९९६ ला क्रायस्लरने ड्रायव्हरच्या बाजूलाही दिला आणि विंडस्टार एका वर्षात जुनी झाली. दरवाजा वाढवायचा म्हणजे त्या बाजूची अख्खी बॉडी नव्याने आखायची. १९९८ ला ड्रायव्हरचाच दरवाजा लांब करून वेळ मारून नेली, खरा दरवाजा १९९९ ला आला. त्याच वर्षी होंडाने मोठी ओडिसी बाजारात आणली.

हिशेबनीस

असहमत. फ्लोअरचं वर्णन छान आहे, पण ताळेबंद कुठे आहे?

फोर्डने १९९० मध्ये एक्सप्लोरर ही एसयूव्ही काढली, ती रेंजर पिकअपच्या चासीवर. मोठी एक्सपिडिशन एफ-१५० पिकअपवरून. चासी, इंजिन, गिअरबॉक्स, सगळ्याचा खर्च पिकअपने आधीच फेडलेला. वर बॉडी आणि चामड्याच्या सीटा चढवल्या की किंमत हजारो डॉलरांनी वर. मिनीव्हॅनला स्वतःचा फ्लोअर, सरकत्या दरवाजांचे रूळ आणि मोटरी लागतात, आणि गिऱ्हाईक मात्र घासाघीस करणारं.

२००० च्या सुमाराला अमेरिकेत वर्षाला १३ लाखांच्या वर मिनीव्हॅन खपायच्या. पुढच्या दहा-बारा वर्षांत निम्म्याहून कमी उरल्या. निम्म्या झालेल्या ताटात सहाव्या हाताने घास कशाला घ्यायचा? जीएमने जॉर्जियातला डोराव्हिलचा मिनीव्हॅनचा कारखाना २००८ ला बंद केला, पण ट्रॅव्हर्स, अकेडिया, एन्क्लेव्ह या तीन रांगांच्या एसयूव्ही आधीच तयार होत्या. ट्रॅव्हर्स वर्षाला लाखाच्या वर खपते. याला हार म्हणायचं?

आणि फ्लोअर जिंकलेली क्रायस्लर २००९ ला दिवाळखोरीच्या कोर्टात उभी होती, ते विसरू नका.

कार्बुरेटर

क्रायस्लर बुडाली ती मिनीव्हॅनमुळे नाही. उलट १९८० च्या सरकारी हमीच्या कर्जातून वर आल्यावर कंपनी पायावर उभी राहिली ती याच गाडीच्या जोरावर. आणि ट्रॅव्हर्सचं यश २००८ नंतरचं. १९९७ ला जीएमकडे शेव्हर्ले व्हेंचर या मिनीव्हॅनच्या रूपाने चांगली संधी होती. तीच गाडी युरोपात ओपेल सिंट्रा म्हणून विकायची होती, म्हणून अरुंद ठेवली. तिकडे खपली नाही आणि इकडे लोकांना खांद्याला खांदा लावून बसावं लागलं. २००५ ला तिलाच लांब नाक लावून अपलँडर केलं, एसयूव्ही दिसावी म्हणून. हा हिशेब कोणत्या वहीतला?

हिशेबनीस

अपलँडरचं समर्थन मीही करणार नाही :) पण इंधनाच्या सरकारी नियमांचं काय? एसयूव्ही 'हलका ट्रक' ठरते, तिला मायलेजची अट सैल. कंपन्या तिकडे वळणारच.

टॉर्क_रेंच

इथे गल्लत होतेय. त्या नियमांत मिनीव्हॅनही हलका ट्रकच. सीटा काढून किंवा घडी करून सामानासाठी सपाट फ्लोअर मिळतो, म्हणून. त्या सवलतीने मारली ती स्टेशन वॅगन, कारण ती कार ठरायची. मिनीव्हॅन आणि एसयूव्ही या बाबतीत एका पंगतीत बसतात.

आता दोघांनीही टाळलेला मुद्दा: टिकाऊपणा. क्रायस्लरचा १९८९ चा ए-६०४ गिअरबॉक्स. चार स्पीड, क्लच संगणकाच्या ताब्यात, कल्पना काळाच्या पुढे. पण मॅन्युअलमध्ये डेक्स्रॉन हे सर्रास मिळणारं गिअर ऑईल चालेल असं छापलं, आणि प्रत्यक्षात त्याला क्रायस्लरचं स्वतःचं ऑईलच मानवायचं. चुकीच्या ऑईलने टॉर्क कन्व्हर्टरचा (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या भागाचा) क्लच थरथरतो. सेन्सर किंवा सोलेनॉईड पॅक (गिअर बदलणाऱ्या विजेच्या झडपा) बिघडला की संगणक गाडी दुसऱ्या गिअरमध्ये अडकवून ठेवतो. भरल्या गाडीने हायवेवर दुसऱ्या गिअरमध्ये जायचं म्हणजे काय ते विचार करा.

फोर्डच्या ३.८ लिटर व्ही-६ चा ब्लॉक बिडाचा आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचं. दोघं तापल्यावर वेगवेगळे फुगतात, मधल्या गॅस्केटचे हाल. विंडस्टारचा मागचा अ‍ॅक्सल पोकळ. बर्फासाठी रस्त्यावर टाकलेलं मीठ पाण्याबरोबर आत साचून तो आतून गंजतो आणि तुटतो. २०१० ला फोर्डला लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या.

जपान्यांचंही सोवळं नाही. २००४ ला होंडाने गिअरबॉक्ससाठी ओडिसी परत बोलावल्या, सेकंड गिअर तापून तुटायचा. टोयोटाच्या पहिल्या सिएनाच्या व्ही-६ मध्ये ऑईलचा चिखल व्हायचा. फरक एवढाच, की त्यांचं नाव आधी झालेलं होतं, म्हणून लोकांनी पोटात घातलं.

मधली_रांग

धाग्यात क्रायस्लरची २००५ ची स्टो-अँड-गो सीट राहिली, आणि धागालेखकाचा मुद्दा तिथेच पक्का होतो. मधल्या रांगेच्या सीटा फ्लोअरमधल्या खड्ड्यात घडी होऊन जातात, वर झाकण. डिकीचा दरवाजा लावून चार बाय आठ फुटी प्लायवूड आडवा मावतो. फोर्ड-जीएमकडे याला उत्तर नव्हतं.

पण फुकट काहीच नाही. खड्ड्यांनी मागच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टची जागा खाल्ली, म्हणून चारही चाकांची ओढ बंद झाली. ती क्रायस्लरच्याच नंतरच्या पॅसिफिका मिनीव्हॅनमध्ये २०२० च्या सुमाराला परतली. स्टेपनी गाडीच्या पोटाखाली मध्ये गेली. घडी व्हायची म्हणून सीट पातळ, मांडीखाली आधार कमी. मोठ्या माणसाला चार तासांनी पाठ आठवते. पॅसिफिका हायब्रिडमध्ये १६ किलोवॉट-तासाची बॅटरी नेमकी त्या खड्ड्यांत बसवली, म्हणजे हायब्रिड घेतली की मधल्या रांगेची घडी गेली.

भारतातून सहा महिन्यांसाठी आई-बाबा येणार असतील तर निकष बदलतो. सत्तरीच्या गुडघ्यांना कमी उंचीचा फ्लोअर आणि पूर्ण उघडणारं दार हवं, ते कुठल्याही मिनीव्हॅनमध्ये मिळतं. मग जाड गादीची ओडिसी किंवा सिएना बरी. नव्या सिएनाची मधली रांग बाहेर काढता येत नाही, हे मात्र आधी माहीत असावं.

नवा_भिडू

चर्चा वाचतोय. स्वस्त म्हणून जुनी ग्रँड कॅराव्हॅन (डॉज कॅराव्हॅनची लांब आवृत्ती) घेणाऱ्याने नेमकं काय तपासावं?

टॉर्क_रेंच

२०११ ते २०२० मधली, ३.६ लिटर व्ही-६ आणि सहा स्पीडची, असं धरून सांगतो.

इंजिन पूर्ण गार असताना बघायला जा. विकणाऱ्याने आधीच चालू करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी परत जा. चालू केल्यावर टिकटिक येऊन गरम झाल्यावरही थांबली नाही तर रॉकर आर्म (व्हॉल्व्ह उघडणारे दांडे) झिजलेत. २०११ ते २०१३ च्या गाड्यांत डाव्या हेडची भानगड होती, स्कॅनर लावून २, ४, ६ या सिलिंडरांचे मिसफायरचे (इंधन नीट न पेटल्याचे) कोड बघा.

ऑईल फिल्टरचं प्लॅस्टिकचं घर इंजिनाच्या व्हीच्या मधोमध, हवा आत नेणाऱ्या मॅनिफोल्डखाली असतं. ते तडकलं की ऑईल मागे वाहत जाऊन गिअरबॉक्सच्या सांध्याशी ठिबकतं. मेकॅनिक मागचं सील गेलं म्हणून मोठं बिल सांगतो, तेव्हा आधी टॉर्च लावून वर बघा.

गिअरबॉक्समध्ये एटीएफ+४ (क्रायस्लरचं स्वतःचं ऑईल) च पडलं आहे का ते बिलांवर वाचा, कारण मोजायची डिपस्टिक दिलेलीच नाही.

विजेवर चालणारे दोन्ही दरवाजे हँडलने, बटणाने आणि रिमोटने प्रत्येकी चार-पाच वेळा उघडा. रुळातल्या साखळीत वायरी वाकून तुटतात, दरवाजा एकदा चालतो आणि तिसऱ्यांदा अडतो. मागच्या एसीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या उजव्या मागच्या चाकाजवळ गंजतात, तेव्हा मागचा एसी वेगळा लावून बघा. स्टेपनीची विंच फिरवून चाक खरंच खाली येतं का तेही. मिठाच्या प्रदेशातली गाडी असेल तर केबल गंजून अडकलेली असते, आणि ते पंक्चर झाल्यावरच कळतं.