पॅटन, पाणी आणि ऊस
रणगाड्यांच्या गेममध्ये पॅटन रणगाडा सेंच्युरियन रणगाड्याला भारी पडतो, मग १९६५ सालच्या भारत-पाक युद्धात असल उत्तरच्या लढाईत पाकिस्तानचे पॅटन आणि भारताचे सेंच्युरियन समोरासमोर आले तेव्हा उलटे का घडले, असा प्रश्न गेम खेळणाऱ्यांना पडतो. गेम चिलखताची जाडी आणि तोफेचा मारा मोजतो. जमिनीचा विचार त्यात फारसा नसतो. पंजाबमधील खेमकरणजवळ, जिथे ही लढाई झाली, भारतीय सैन्याने शेतांत पाणी सोडले होते आणि उंच उसाच्या आड रणगाडे व जीपवरील रिकॉइललेस (मागे धक्का न देणाऱ्या हलक्या रणगाडाविरोधी) तोफा दबा धरून होत्या, त्यामुळे सुमारे ४५ टनांचे पॅटन चिखलात रुतले आणि जवळून टिपले गेले. (नुकत्याच पाणी पाजलेल्या उसात ट्रॅक्टर घातलेल्या कोल्हापूरकराला हे वेगळे सांगायला नको.) भारतीय सैन्यातील हवालदार अब्दुल हमीद यांनी तर जीपवरील १०६ मिलिमीटर तोफेनेच अनेक पॅटन निकामी केले, गेम खेळणाऱ्या आमच्या चमूत मात्र तशी जीप कोणी निवडतच नाही.