प्राग-ब्रातिस्लाव्हाला सासूबाईंना जेवायला काय?

ए २०२ : नमस्कार सोसायटीकर मंडळी. मे महिन्यात आम्ही चेकमधलं प्राग आणि तिथून स्लोवाकियातलं ब्रातिस्लाव्हा करतोय, सोबत सासू-सासरे. सासूबाई मांस-मासे खात नाहीत, अंडं केकमध्ये असलं तर चालतं. सासरे चिकन-मासे खातात, पण बीफ अजिबात नाही. टूरवाले म्हणतात रोज इंडियन हॉटेल. सी ६०१ ताई, तुम्ही जाऊन आलात ना? खरंच काही मिळत नाही का हो तिथे?

सी ६०१ : मिळतं गं, भरपूर मिळतं! रोज इंडियन नको. एवढ्या लांब जाऊन पनीर बटर मसालाच खायचा तर सासूबाईंनाही नंतर हळहळ वाटेल. निदान तीन-चार जेवणं तिथल्या जुन्या खाणावळीत करा. चेकमध्ये तिला होस्पोदा म्हणतात. लाकडी बाक, मोठी टेबलं, दुपारी ऑफिसातली माणसं जेवायला आलेली. सोमवार ते शुक्रवार दुपारी जा, साधारण ११ ते २. तेव्हा ‘पोलेद्नी मेनू’ असतो, म्हणजे आपली दुपारची थाळी समज. आधी सूप, मग एक मुख्य पदार्थ. रात्रीपेक्षा स्वस्त आणि गरमागरम.

सी ६०१ : मेनूकार्डावर ‘बेझमासा यीद्ला’ असा भाग शोध. म्हणजे बिनमांसाचे पदार्थ. त्यात ‘स्माझेनी सीर’ जवळजवळ हमखास असतो. चीजचा जाड तुकडा ब्रेडच्या चुऱ्यात घोळवून तळतात, सोबत बटाटे आणि टार्टर सॉस. पण माझं ऐकशील तर सासूबाईंसाठी ‘ओवोत्स्ने क्नेद्लीकी’ मागव. आत अख्खं जर्दाळू किंवा प्लम, बाहेर पिठाची पारी, उकळत्या पाण्यात शिजवलेले गोळे. वर वितळलेलं लोणी, साखर आणि किसलेला सुका चक्का. माझ्या आईनं पहिला घास घेतला आणि म्हणाली, “अगं, हे तर उकडीच्या मोदकाच्या घरातलं!” तिथे हे जेवणानंतरचं गोड नाही, हेच जेवण. आपल्याकडे पुरणपोळीचं जेवण असतं ना, तसं. वेटरला त्यात काहीच वेगळं वाटत नाही.

डी ३०१ : ताई, सूप शाकाहारी असतं का?

सी ६०१ : इथे जपायचं. लसणाचं सूप चेसनेच्का, बटाट्याचं ब्रम्बोराच्का, नावं ऐकून भाजीचं वाटतं, पण पुष्कळदा मांसाच्या पाण्यात शिजवलेलं असतं. बटाट्याचे थालीपिठासारखे ब्रम्बोराक येतात, लसूण आणि मार्जोरम हा सुगंधी पाला घातलेले, फार चविष्ट, पण कधीकधी डुकराच्या चरबीत तळतात. कोबीची आंबट भाजीही तशीच. विचारल्याशिवाय घेऊ नका. आणि एक लक्षात ठेव, मेनूवर पदार्थापुढे छोटे आकडे असतात. ते ॲलर्जीचे. ३ म्हणजे अंडं, ७ म्हणजे दूध. मांस आणि चरबी यांना आकडाच नाही. त्यामुळे आकडा नाही म्हणून शाकाहारी असं धरू नका.

ए २०२ : बरं झालं सांगितलंत. मी आकड्यांवरच विसंबले असते. आणि सासऱ्यांचं?

बी १०४ काका : मी कंपनीच्या कामासाठी चेकमधल्याच ब्रनो शहरात आठ महिने होतो. त्यांना सांग, ‘स्वीच्कोवा’ मागवू नका. मुळं-कंदांची क्रीम घातलेली सुंदर ग्रेव्ही, वर क्रॅनबेरी आणि लिंबाची फोड, पण आत बीफ. गुलाश म्हणजे मांसाचा दाट रस्सा, तोही बहुधा बीफचाच. हे चार शब्द फोनवर लिहून घे : होव्येझी म्हणजे बीफ, वेप्रशोवे म्हणजे डुक्कर, कुर्शेत्सी म्हणजे चिकन, प्स्त्रुह म्हणजे ट्राउट मासा. लोण्यावर भाजलेला ट्राउट त्यांना नक्की आवडेल. सोबत क्नेद्लीक घ्या. लांबट लादी करून उकडतात आणि सुरीऐवजी दोऱ्यानं कापतात, म्हणजे जाळी दबत नाही. ग्रेव्ही टिपायला त्यासारखं दुसरं काही नाही.

बी १०४ काका : टेबलावर न मागता ब्रेडची टोपली आली तर आधी विचारा, तिचे पैसे लागू शकतात. पाणीही बहुतेक विकतच. बिल मागायला ‘झाप्लातीमे’ म्हणा. एकत्र की वेगवेगळं असं विचारतील, एकत्र म्हणजे ‘दोह्रोमादी’. टिप टेबलावर ठेवून जाण्यापेक्षा पैसे देतानाच वरचा आकडा धरून सांगायची पद्धत आहे, साधारण दहा टक्के. आणि प्रागला कोरुना, ब्रातिस्लाव्हाला युरो. १९९३ च्या १ जानेवारीला चेकोस्लोव्हाकियाचे चेक आणि स्लोवाकिया असे दोन देश झाले, स्लोवाकियानं २००९ पासून युरो घेतला. उरलेले कोरुना तिकडे घेऊन जाऊ नका.

डी ३०१ : मुलांना प्यायला काय देतात?

बी १०४ काका : कोफोला. १९६० पासूनचं त्यांचं स्वतःचं पेय, वनस्पतींच्या अर्काचं, कोलापेक्षा कमी गोड. ग्लासात नळावरून भरून देतात. पण कॅफीन असतं, लहानांना अर्धा ग्लास पुरे.

सी ६०१ : काका, आता स्लोवाकियाचं मी सांगते, कारण तिथला एक पदार्थ माझ्या फार जवळचा आहे. ब्रिंद्झोवे हालुश्की. कच्चा बटाटा किसून, पीठ-मीठ आणि पुष्कळदा अंडंही घालून सैल भिजवायचं आणि भोकाच्या चाळणीतून उकळत्या पाण्यात पाडायचं. अगदी आपण झाऱ्यातून बुंदी पाडतो तसं. गोळे वर आले की काढून ब्रिंद्झा या मेंढीच्या दुधाच्या मऊ, आंबट चीजमध्ये कालवायचे. सोबत झिंचित्सा, मेंढीच्या दुधाची निवळ. कोरीव लाकडी पेल्यात देतात. मेंढपाळांचं जेवण आहे हे. मला आजोळची भाकरी, पिठलं आणि ताक आठवलं, डोळ्यांत पाणीच आलं.

पण वर बेकनचे तुकडे असतात. तात्राच्या डोंगरात एका खाणावळीत मी “बेझ स्लानिनी”, बेकन नको, म्हटलं. त्यांनी तुकडे काढले, पण त्याची सुटलेली चरबी ओतलीच. आईच्या लक्षात आलं, तिनं ताट बाजूला सारलं. मला फार वाईट वाटलं, कारण चूक माझी, मी अर्धंच सांगितलं होतं. म्हणून ‘बेकन नको, त्याची चरबीही नको, वर लोणी घाला’ हे पूर्ण वाक्य स्लोवाकमध्ये लिहून दाखव. दुसऱ्या दिवशी आम्ही तसंच केलं आणि आईनं ताट पुसून खाल्लं.

सी ४०२ काकू : चीजमध्ये दूध गोठवायला रेनेट असतं ना गं? वासराच्या पोटातलं?

सी ६०१ : हो काकू, असू शकतं. जे तेही पाळतात त्यांनी चीजचे पदार्थ टाळावेत, फळांचे क्नेद्लीकी घेताना वरच्या चक्क्याचंही विचारावं. ए २०२, सासूबाईंना आधी विचारून ठेव.

ए २०२ : विचारलं. चीज चालतं म्हणाल्या, चरबी नाही. आणि हालुश्की वाचून झारा शोधतायत!

सी ६०१ : मग रविवारी सकाळी त्यांना घेऊन वर ये. ब्रिंद्झा इथे नाही मिळत, मी फेटा चीज आणि आंबट दही मिसळून करते. बटाटे किसून ठेवते, अंडं घालणार नाही.

ए २०२ : येतो ताई. कांद्याची पात मी आणते.